रॉयस्टनचा खण

दुपारचा चहा ओतून झाला की रॉयस्टन वॅगस्टाफ डोळे मिटायचा आणि आपल्या खणाकडे निघायचा. डोळे मिटायची तशी गरज नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकला होता की उघड्या डोळ्यांनीही त्याला सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं दिसे. समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या जमिनीला न टेकता तरंगत चरायच्या, आणि रस्त्यावरचा दिवा लागला की त्याचं भलंथोरलं पांढरं फूल व्हायचं. पण डोळे मिटले की ते दूध निवळायचं. मग त्याला एक लांबच लांब दालन दिसायचं, दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत ओकच्या लाकडाचे खण, प्रत्येक खणाला पितळी पट्टी आणि पट्टीवर कुणाचं ना कुणाचं नाव.

"आज कुठवर गेलास?" एव्हरिलने विचारलं. ती शेजारच्या घरात राहायची आणि रोज चारला त्याच्याकडे चहाला यायची.

"अगदी माझ्या खणापाशी. तिथे एक बाई असते बघ, कापडी सपाता घातलेली. शिडी सरकवते, पण आवाज म्हणून नाही. म्हणाली, वॅगस्टाफ, तुझं सगळं जागच्या जागी आहे, घाई करू नकोस."

"उघडून दाखवला नाही?"

"किल्ली तिच्या कमरेला. मी मागितली नाही. बरं दिसत नाही मागणं."

एव्हरिल ब्रॅमवेलने चहाबरोबर एक अख्खं वाक्य गिळलं. तिने अडतीस वर्षं कर कचेरीत काढली होती. असले खण कुठेही नाहीत, कधी नव्हते, हे इंग्लंडातल्या या डोंगराळ डर्बीशरमध्ये तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. चुकीची गोष्ट कानावर पडली की ती दुरुस्त केल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. पाद्रीबाईंना तिने प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर दानावरच्या कराचे नियम समजावले होते. स्वतःच्या नवऱ्याला तो शेवटच्या आजारात असताना पेन्शनचा हिशेब कसा चुकलाय ते सांगितलं होतं, आणि त्याचं तिला आजही वाईट वाटत नव्हतं. पण रॉयस्टनच्या खणाबद्दल मात्र ती गेले वर्षभर मूग गिळून बसली होती.

तसा हा समज एकट्या रॉयस्टनचा नव्हता. या देशात 'मी आयुष्यभर विमा भरलाय' असं म्हणणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात आपले पैसे जपून ठेवलेला तोच खण बघत असतो. रॉयस्टनचं एवढंच की त्याने तो स्वच्छ बघितला होता. पंधराव्या वर्षी, अठ्ठावन्न साली, तो गिलाव्याच्या कामाला लागला. तेव्हा प्रत्येक कामगाराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असे आणि दर आठवड्याला त्यावर सरकारी विम्याचं, म्हणजे पगारातून कापलेल्या पेन्शन-दवाखान्याच्या वर्गणीचं, तिकीट चिकटवावं लागे. सगळ्यांची तिकिटं चिकटवायचं काम मालकाने त्याच्यावर सोपवलं होतं. दर शुक्रवारी नऊ तिकिटं जिभेवरून फिरवायची. त्या डिंकाची कडवट चव पासष्ट वर्षांनीही त्याच्या जिभेवर होती. भरलेलं कार्ड वर्षअखेरीला कुठेतरी पाठवलं जाई. आता एवढ्या प्रेमाने चाटलेली तिकिटं कुणीतरी नीट जपूनच ठेवली असणार, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय?

अडचण ही होती की डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी दवाखान्याचं जे पत्र आलं, त्यात पुढच्या वर्षीचा एप्रिल लिहिला होता. वाट बघण्यात आधीच आठ महिने गेले होते. आणि त्यांच्या हार्थोप गावात विहिरी सजवायचा आठवडा यंदाच्या जूनच्या शेवटी होता.

हार्थोपला तीन विहिरी. म्हणायला विहिरी, खरं तर दगडी कुंडात पडणारे झरे. दर उन्हाळ्यात प्रत्येक झऱ्यामागे माणसापेक्षा उंच फळी उभी करायची, तिच्यावर ओल्या मातीचा थर, आणि त्या मातीत फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, बिया, साली एकेक करून रोवून चित्र काढायचं. चित्र आठवडाभर टिकतं, मग सुकून गळतं. मोठ्या विहिरीच्या चित्रातला चेहरा चाळीस वर्षं रॉयस्टनच करत आला होता. आकाश कुणीही भरावं, कपडे कुणीही भरावेत, पण चेहऱ्याला हात लावायचा तो वॅगस्टाफने. बायको गेली, गुडघे गेले, धंदा दुसऱ्याला देऊन टाकला. चेहरा तेवढा उरला होता. तो गेला तर मागे काय राहतं, हे त्याने एव्हरिलला एकदाच विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता बिस्किटांचा डबा पुढे केला होता.

त्याची मुलगी जनीन नॉटिंगहॅमला होती. खाजगी दवाखान्यात तीन आठवड्यांत दोन्ही डोळे होतील, पैसे मी भरते, असं ती कधीची म्हणत होती. म्हातारा ऐकेना. मी एकदा भरलेत, दोनदा का भरू, माझा खण भरलेला आहे, हे त्याचं पालुपद. शेवटी यंदाच्या एप्रिलमध्ये जनीनने एव्हरिलला फोन केला.

"मावशी, बाबा परवा फुटपाथवरून पडला. सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. मला म्हणाला, कपाटाचं दार लागलं."

"तुम्हीच त्याला सांगा ना, असा खण बिण काही नसतो म्हणून. मी सांगितलं तर म्हणतो, तुला काय कळतंय. तुम्ही कचेरीतल्या. तुमचं ऐकेल."

"आणि ऐकून त्याला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे. दिसेल तरी."

त्याच आठवड्यात चॅपेलच्या मागच्या खोलीत चित्र ठरवायची सभा भरली. सरकारी आरोग्यसेवेला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून मोठ्या विहिरीवर लोखंडी खाटेवरची आजारी बाई आणि तिच्यावर वाकलेली परिचारिका काढायचं ठरलं. परिचारिकेची पाठ दिसणार, चेहरा फक्त खाटेवरच्या बाईचा. ते पाच मिनिटांत झालं. मग ओटच्या धिरड्यांवर चीज घालून खाताना सगळ्यांची तोंडं सुटली.

"पंचाहत्तर वर्षं कसली साजरी करताय?" गॉर्डन फर्न म्हणाला. तो पूर्वी सहलीच्या बस चालवायचा. "मी माझ्या गुडघ्याचे पैसे मोजले आणि मोकळा झालो. कर भरतो तो रस्त्यांसाठी, आणि रस्त्यांत बघा कसले खड्डे."

"बाहेरून आलेल्यांनी खाल्लं सगळं," दुकानवाली डेनिस म्हणाली. "आपण भरायचं आणि त्यांनी झोपायचं खाटेवर."

"डेनिस, तुझ्या आईला रात्री कुशीवर वळवायला कोण येतं?" एव्हरिलने विचारलं.

"ती चांगली आहे गं. मी बाकीच्यांबद्दल बोलतेय."

झालं. एव्हरिलच्या डोक्यात तिडीक गेली. हातातलं धिरडं खाली ठेवून तिने बोलायला सुरुवात केली: रस्त्याचा म्हणून वेगळा कर नसतो, विम्याचा म्हणून वेगळा खजिना नसतो, सगळं एका मोठ्या तिजोरीत पडतं आणि त्याच वर्षी संपतं, दवाखाना त्यातूनच चालतो, आणि कर कमी करा म्हणून मत द्यायचं नि मग रांग का लागली म्हणून गळा काढायचा, हे एकाच तोंडाने कसं जमतं ते तिला कुणीतरी सांगावं.

"आणि गॉर्डन, तू गुडघा विकत घेतलास, तुला लखलाभ. पण ज्यांच्याकडे आहे ते सगळे उद्या बाहेर गेले, की रांगेत राहणार कोण? ज्यांच्याकडे नाही ते. मग त्या रांगेची फिकीर कुणाला?"

सगळे आपापल्या कपात बघत राहिले. इथे माणूस रागावला की त्याच्याकडे बघत नाहीत, तो कपडे बदलत असल्यासारखी नजर फिरवतात. डेनिसने विचारलं, अजून चहा कुणाला? गॉर्डन म्हणाला, कर कचेरीतली माणसं निवृत्त झाली तरी सुटत नाहीत बुवा. त्यावर सगळे हसले आणि विषय चिकणमातीवर गेला. एव्हरिलने हात टेकले. चाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती आणि चाळीस वर्षांत एकाही माणसाच्या कानात ते शिरलं नव्हतं.

"चेहरा नेहमीप्रमाणे रॉयस्टनचा," डेनिसने वहीत लिहिलं. कोपऱ्यात बसलेल्या रॉयस्टनने मान हलवली, फक्त ती डेनिसच्या दिशेने नव्हती. ते सगळ्यांना दिसलं, आणि डेनिसने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी एव्हरिल चारच्या ऐवजी तीनलाच त्याच्याकडे गेली. बाहेर धुकं उतरलं होतं. तिला नीट दिसणाऱ्या डोळ्यांनीही मेंढ्या तरंगतानाच दिसत होत्या. क्षणभर तिला वाटलं, परत फिरावं. मग ती आत गेली, कोट न काढता बसली, आणि म्हणाली, "रॉयस्टन, खण नाहीत."

"म्हणजे?"

"कुणाचाच नाही. ती कार्डं मोजून, नोंद करून फेकून द्यायचे. पैसे कुणी ठेवलेच नाहीत. आले तसे गेले."

त्याने कपाची कड बोटाने एकदा पूर्ण फिरवली. एव्हरिलला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार, आणि काढावंच.

"मग गेले कुठे?" त्याने विचारलं.

"त्या वेळी जे आजारी होते, म्हातारे होते, त्यांच्याकडे. त्याच आठवड्यात."

"नाव सांग कुणाचं तरी."

"अरे, नाव कसं सांगणार? असं कुणी..." ती थांबली. कचेरीतल्या अडतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही नाही. "एकसष्ट साली काय करत होतास?"

"एकसष्ट? मॅटलॉकला मोठ्या हॉटेलचं काम चाललं होतं. फेब्रुवारीत. गिलावा भिंतीवर गोठायचा."

"तेव्हा माझी आई क्षयाच्या दवाखान्यात होती. वर माळावर. मी सहा वर्षांची. बाबा खाणीत, हातात काही नाही. चौदा आठवडे ठेवली तिला, औषधं, दूध, अंडी, सगळं. मुलांना आत सोडायचे नाहीत. बाबा मला उचलून काचेपाशी धरायचे आणि ती आतून हात हलवायची. तुझ्या तिकिटातले थोडे पेन्स पेन्शनला गेले असतील, थोडे तिकडे. बाकीचे करातून. हे मी नीट सांगतेय हं, सगळं काही तिकिटातून नाही."

"कळलं," तो म्हणाला. "बरी झाली ती?"

"झाली. अठ्ठ्याण्णवपर्यंत होती."

"काय नाव?"

"एडना."

"एडना," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. तो कुठे गेला ते तिला कळलं नाही. चुलीवरची किटली कुरकुरत राहिली आणि धुकं खिडकीला येऊन टेकलं. आपण एका म्हाताऱ्याचं घर पाडलं असं वाटून ती बसली होती, पण त्याचा चेहरा तर उलट सैल होत चालला होता.

"मग माझे डोळे कोण करतंय?" त्याने डोळे न उघडताच विचारलं. "आता कोण भरतंय?"

"आता जे काम करतात ते. डेनिसच्या दुकानातली ती केसांना निळा रंग लावणारी. शाळेतला मास्तर. तुझी जनीन."

"त्या निळ्या केसांच्या पोरीला ठाऊक आहे?"

"कुणालाच काही ठाऊक नसतं, रॉयस्टन."

"ठीक आहे मग. थांबतो मी."

एव्हरिलला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने कोटाची बटणं सोडवली. "थांबतो काय? अरे, मी हे सांगितलं ते तू जनीनचे पैसे घ्यावेस म्हणून."

"माझं स्वतःचं अडवून ठेवलंय असं वाटायचं ना, म्हणून चिडायचो. माझं नव्हेच ते. कुणीतरी माझ्यासाठी भरतंय. तुझ्या आईने कुणाला म्हटलं होतं का, राहू दे, मी विकत घेते?"

"तिच्याकडे नव्हते."

"माझ्याकडेही नाहीत. जनीनकडे आहेत."

"तू रांगेतून बाहेर पडलास तर मागच्याचा नंबर लवकर लागेल. जरा डोकं वापर."

"आणि ज्यांच्याकडे आहे ते सगळे बाहेर गेले, की रांगेत कोण राहणार? ज्यांच्याकडे नाही ते. मग त्या रांगेची फिकीर कुणाला?" तो हसला. "काल तूच म्हणालीस. बरोबर वाटलं मला."

चाळीस वर्षांत एका माणसाने एव्हरिलचं बोलणं ऐकलं होतं, आणि तो नेमका हा. त्याला फुटपाथ दिसत नव्हता. ती भांडली, तिने दटावलं, जनीनला फोन लावून दिला, दोघींनी मिळून त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे बिस्किट बुडवत राहिला. कुठला पैसा कुठे गेला हे तिला पेन्सपर्यंत सांगता येत होतं. पण वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेसाठी ऐंशी वर्षांच्या माणसाने वीस महिने का थांबावं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि ज्यांच्याकडे असायला हवं होतं ते कुठे बसतात हेही तिला आता नक्की सांगता आलं नसतं.

"चेहरा तू कर," निघताना तो म्हणाला. "खाटेवरची बाई आहे ना, तुझीच आई ती."

"मला साधं बटण लावता येत नाही सरळ."

"मी बसतो शेजारी."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात फळी तीन दिवस तळ्यात भिजली, मीठ घालून माती तुडवली गेली, चित्राचा कागद वर ठेवून सुईने टोचून रेघा उतरवल्या. गॉर्डनच्या कोठारात सगळं गाव गोळा झालं. एव्हरिल चेहऱ्यापाशी बसली आणि रॉयस्टन तिच्या उजव्या हाताला. आधी ओढ्याकाठच्या झाडांची काळी बोंडं रेघेवर बसवायची. मग पाकळ्या, खालून वर, कौलं शाकारतात तशा एकीवर एक, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी वरून निघून जातं. हायड्रेंजियाच्या फिकट गुलाबी पाकळ्या तो बोटांत धरून फक्त स्पर्शावरून सांगायचा, ही गालाची, ही नाही, ही कपाळाची.

"आता डोळे," तो म्हणाला. "कसे होते तिचे?"

एव्हरिलने आठवून बघितलं. काच आठवली, काचेवर बाबांच्या श्वासाचं धुकं आठवलं, त्या धुक्यापलीकडे हलणारा पांढरा हात आठवला. पुढे सदतीस वर्षं आई रोज समोर होती, तिने भांडी घासली, तिने नातवंडं खेळवली. पण फळीसमोर बसल्यावर त्या काचेपुढे काही जाईना. "मला दिसत नाही," ती म्हणाली.

"मग आपण दोघं सारखीच," रॉयस्टन म्हणाला. "लाव अंदाजाने."

तिने अंदाजाने लावले. एक डोळा वर गेला, दुसरा नाकाकडे सरकला, तोंडाचा एक कोपरा भलतीकडेच हसू लागला. डेनिस येऊन बघून गेली आणि छान म्हणाली. गॉर्डन आला, खोकला, आणि काही न म्हणता गेला. एरवी गप्प न बसणाऱ्या माणसाने हे केलं तेव्हा एव्हरिलला काय ते कळलं.

शनिवारी पाद्रीबाईंनी विहिरीला आशीर्वाद दिला. बँड वाजला, पोरांनी आइस्क्रीम सांडलं. रॉयस्टन काठी टेकत पुढे आला, फळीच्या अगदी जवळ उभा राहिला, आणि त्या पांढुरक्या गुलाबी डागाकडे बराच वेळ बघत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चेहरा सुरेख झालाय." आजूबाजूच्या पन्नास माणसांना तो तिरळा चेहरा दिसत होता. एव्हरिल ब्रॅमवेल गप्प बसली.

गर्दी पांगल्यावर त्याने कोटाच्या खिशातून एक पत्र काढून तिच्या हातात दिलं. "सकाळी आलंय. पोस्टमन म्हणाला, दवाखान्याचं. वाच बघू, एप्रिलची तारीख नक्की झाली असेल."

तिने पाकीट फाडलं आणि एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, एक शब्द न गाळता. प्रतीक्षा यादीवरच्या ताणामुळे आपली तारीख पुढे ढकलावी लागत आहे. नवी तारीख पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

तिने पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीचा चेहराही तुझाच," रॉयस्टन म्हणाला.

"मी खोटं वाचलं असतं तर?"

"मला कळलं नसतं." त्याने थोडा विचार केला. "पण तू नाही वाचत खोटं. म्हणून तर तुला दिलं."

तो पुन्हा फळीकडे वळला आणि एडनाकडे कौतुकाने बघू लागला. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर एव्हरिल रडत होती. ते त्याला दिसलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.